दार उघडेना

आज रंगकामासाठी टीव्हीचं कपाट सरकवलं, तर मागं व्हिडिओ गेमचा जुना रिमोट सापडला. बटणं अजून चिकट आहेत. मुलं आता शिकायला बाहेरगावी असतात, त्यामुळं दुपारी घर शांत असतं.

तेव्हा तसं नव्हतं. एका दुपारी मला वाळूजला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं. गेममधल्या किल्ल्याचं दार उघडलं की मी उठणार, असं ठरलं होतं. दोघांनी दोन दगडांवर एकदमच उभं राहायचं, एवढंच कोडं. पण माझी मुलगी सई दर वेळी खड्ड्यात पडायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. मी पार वैतागलो.

"अगं, नुसतं उभं राहायचंय. लई अवघड आहे का?"

शेजारी बसलेला धाकटा ओम म्हणाला, "पप्पा, ताई मुद्दाम पडायलीय."

"का गं?"

ती पडद्याकडंच बघत म्हणाली, "दार उघडलं की तुम्ही जाणार."

शिफ्टच्या बसला अजून थोडा वेळ होता. पुढच्या खेपेला सई दगडावर नीट उभी राहिली, आणि मी माझ्या दगडावरून खड्ड्यात उडी मारली.

ओमनं कपाळावर हात मारला. "पप्पा, तुम्हाला पण साधं उभं राहता येत नाय का?"