प्लास्टर वाळेपर्यंत गोष्ट

हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर प्लास्टरची खोली होती, आणि त्या खोलीतल्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. तीस वर्षं मोडलेले हातपाय बांधत होते, एवढंच. पण लहान मूल आलं, की पट्टी गुंडाळता गुंडाळता गोष्ट सुरू करायची, आणि पट्टी बसली की हात पुसून पुस्तक उघडायचं, ही त्यांची रीत. कारण साधं. ओलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत सात-आठ मिनिटं मूल हलता कामा नये, आणि मूल हलू न देणं म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्याच्या घरी पोर आहे त्यालाच विचारा!

प्लास्टर कडक झालं की वाचन थांबे, गोष्ट कुठेही असो. मग मास्तर पेनने प्लास्टरवरच पानाचा नंबर लिहीत. ‘पान अठरा. काढायला आलास की पुढचं.’ पोरं चिडत, भांडत. आणि महिन्या-दीड महिन्याने येत ती बहुधा कुठून तरी तेच पुस्तक मिळवून, पुढचं सगळं वाचून. वर मास्तरांनाच शेवट सांगत. ज्या घरात कॅलेंडरखेरीज छापील कागद नाही, तिथली पोरंसुद्धा पुस्तकासाठी आईच्या मागे भुणभुण लावत. याचा मास्तरांना केवढा तोरा! चहाच्या वेळी तेच तेच ऐकवून त्यांनी सिस्टरांना भंडावून सोडलं होतं.

नियम एकच. तो ते डोळे वटारून, मिशीतल्या मिशीत हसत सांगत, “रडलं की पुस्तक बंद.”

नव्या डॉक्टरबाईंना हे पसंत नव्हतं. “मास्तर, ही बालवाडी नाही. लक्ष हाताकडे हवं,” असं त्या दोनदा बोलल्या. मास्तर दोन्ही वेळा “हो बाई” म्हणाले आणि वाचत राहिले. माणूस गोड, पण हट्टी. आणि मला विचाराल तर थोडा घमेंडखोरही.

त्या दिवशी सकाळी एक मावशी आपल्या सात वर्षांच्या भाचीला घेऊन आली. घसरगुंडीवरून पडून कोपराच्या जरा वर हाड मोडलेलं. एका जागी ठरत नाही म्हणून मावशी तिला भिंगरी म्हणायची. ही भिंगरी बोटीवर चुकून राहिलेल्या मांजरीची गोष्ट ऐकताना अशी थिजून बसली, की मास्तरांना वाटलं, असा पेशंट वर्षातून एखादाच मिळतो. पान अकराशी प्लास्टर वाळलं. कोपराला सूज चढण्याची भीती असते, म्हणून तिला संध्याकाळपर्यंत वरच्या वॉर्डात ठेवायचं ठरलं. जाता जाता तिने विचारलं, “वर येऊन वाचाल?” मास्तर विरघळले. आपलाच रिवाज मोडून हो म्हणाले.

दुपारी अडीचला ते पुस्तक घेऊन वर गेले. मावशी घरी फोन करायला खाली गेली होती. भिंगरी चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती.

“काय गं, दुखतंय?”

“नाही.”

“बोटं हलतात ना?”

“हो.” चादरीखाली काहीतरी हललं. तेवढ्यावर मास्तरांनी समाधान मानलं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस, चादर बाजूला करून बघावं एवढंही त्याला सुचू नये? पुस्तक हातात होतं ना!

ते वाचू लागले. अकरा झालं, बारा झालं. तेराव्या पानावर मांजर कप्तानाच्या बुटात झोपते आणि कप्तान त्यात पाय घालतो. इथे हसलं नाही असं पोर मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. रडकी, तापलेली, दोन्ही पाय मोडलेली, सगळी इथे हसायची.

भिंगरी हसली नाही.

मास्तरांनी मान वर केली. तिने खालचा ओठ दातांत धरला होता आणि कपाळ घामाने डबडबलं होतं. त्यांनी चादर उचलली. हलत होता तो तिचा धड हात. मोडलेल्या हाताची बोटं मेणासारखी दिसत होती. त्यांनी एक नख दाबून सोडलं. दाबल्यावर पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी व्हायला हवं. ते पांढरंच राहिलं. दुसरं दाबलं, तेही तसंच. बोटं गार पडली होती.

आत सूज चढली होती आणि त्यांनीच बांधलेलं प्लास्टर त्या हाताचं रक्त अडवत होतं. वेळ गेला तर पोरीची बोटं कायमची वाकडी होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

“सिस्टर, बाईंना बोलवा! कात्री आणा, आरी आणा!”

बाई ऑपरेशनमध्ये होत्या. निरोप आला, मी येतेय, तोवर कापा. मास्तरांनी आरी लावली. प्लास्टर उभं चिरलं, फाकवलं, आतला कापूस कातडीपर्यंत कापला. भिंगरी हूं की चूं करत नव्हती. ते शांत राहणंच त्यांना सोसेना.

डॉक्टरबाई धावत आल्या, मनगटावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मावशी दारातच भिंतीला टेकून खाली बसली. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाचव्या मिनिटाला अंगठ्याच्या नखात जरासा रंग आला. मग शेजारच्या बोटात. करंगळी सगळ्यांत हट्टी निघाली. तीही शेवटी गुलाबी झाली, तेव्हा बाईंनी श्वास सोडला.

“आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. अगं, दुखत होतं तर बोलायचं नाही का?”

भिंगरीने मास्तरांकडे बघितलं. “रडलं की पुस्तक बंद.”

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. बाई पुन्हा मनगटावर बोट ठेवून नाडी बघू लागल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. “चूक माझी आहे. तसंच लिहा, बाई,” एवढं म्हणून मास्तर खाली गेले. पुस्तक खणात टाकलं. त्या दिवशी उरलेली दोन मुलं त्यांनी मुकाट्याने बांधली. दोघंही सारखी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकाम्या हाताने वॉर्डात गेले. माफी मागायची होती, पण सात वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात ते कुठे माहीत होतं? भिंगरीच्या हाताला आता सैल पट्टी होती.

“पुस्तक कुठाय?”

“बंद केलं मी ते.”

“का?” तिचा आवाज चढला. “मी रडले नाही! एकदासुद्धा नाही!”

पोरीने त्यांचं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं, आणि शिक्षाही तिलाच! ते तसेच उठले, दोन जिने उतरले, धापा टाकत पुस्तक घेऊन आले.

“आजपासून दुखलं की ओरडायचं. मोठ्यानं.”

“मग पुस्तक?”

“उघडंच राहील.”

तिचा विश्वास बसला नाही. चार ओळी झाल्या आणि ती हळूच म्हणाली, “दुखतंय.” मास्तरांनी पुस्तक उघडंच तिच्या मांडीवर ठेवलं आणि सिस्टरांना हाक मारली. सिस्टरांनी नखं दाबून बघितली, सगळं ठीक होतं. मास्तरांनी पुढची ओळ घेतली. तीन ओळींनी पुन्हा “दुखतंय.” पुन्हा सिस्टर. चौथ्या वेळी सिस्टर वैतागल्या, तेव्हा दारात उभ्या असलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “बघा सिस्टर. ती म्हणेल तितक्यांदा बघा.”

सातव्या वेळी भिंगरी दुखतंय म्हणाली नाही. तिने भोकाड पसरलं. कालपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं, शेजारच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले, मावशी तिला कवटाळायला धावली. मास्तरांचा हात सवयीने पुस्तक मिटायला गेला, तोच भिंगरीने धड हाताने पान घट्ट धरलं. मग मास्तरही आवाज चढवून वाचू लागले, आणि ती रडत रडत ऐकत राहिली.