शांतवनच्या नावापुढचे लाल ठिपके

आज जे लिहितो आहे ते मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितले नाही. आणि तिच्यापासून लपवावे असे माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते. लिहायला मी फार उशिरा लागलो. अठ्ठावीस वर्षे इतरांचे निबंध तपासण्यात गेली, स्वतःचा एक परिच्छेद लिहिण्याचे धैर्य झाले नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने सोयीचे आहे. ओळखीच्या माणसांसमोर मला हे बोलता आले असते का? तसा प्रसंग एकदा आला होता. त्याविषयीच हे आहे.

आधी खेळाविषयी सांगतो — खेळाविषयी बोलणे मला त्या मानाने सोपे जाते.

आमचे चर्च, म्हणजे आमच्या भाषेत आमची मंडळी, छावणीच्या बाजूला आहे. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, वाळूजला कारखाने नुकतेच उभे राहू लागले होते, आणि मी एका शाळेत मराठी शिकवत होतो. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, शनिवार दुपारचा तरुण संघ माझ्याकडे सोपवला. कारण एवढेच, की मी एम. ए. होतो आणि नाही म्हणणे मला जमत नसे. चार वाजताच्या शास्त्रपाठाला सहा मुली आणि एक हार्मोनियम हजर असे; मुलगे सगळे मैदानावर फुटबॉल खेळत. दहाजणांपुढे उभे राहिलो की मला घाम फुटे, त्यामुळे ही उपस्थिती मला मनातून पसंतच होती. पण पाळकसाहेब एकदा म्हणाले, "सर, मेंढरं मैदानात आणि मेंढपाळ खोलीत, हे काही बरं दिसत नाही हो."

म्हणून मी चेंडू खोलीत आणला. सभागृहातल्या शहाबादी फरशीच्या चौदा ओळी म्हणजे मैदान. चेंडू मध्यावर ठेवायचा. एका बाजूने बायबलमधल्या वचनाचा पूर्वार्ध म्हणायचा, दुसरीने उत्तरार्ध. बरोबर आला की चेंडू एक फरशी पुढे. चुकला की एक फरशी मागे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर एका शनिवारी असा काही सामना झाला की शेजारच्या खोलीत झोपलेल्या पाळकसाहेबांच्या सासूबाई उठून बाहेर आल्या. दोन महिन्यांत तीसेक तरुण-तरुणी येऊ लागली.

मग मैदानावरचा खेळ सुचला. त्यात शिट्टी नव्हती आणि पंचही नव्हता. ज्याच्या हातून फाऊल झाला त्याने स्वतः थांबायचे, हात वर करायचा, काय केले ते सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे आणि चेंडू समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. समोरच्याने "माफ" म्हणायचे आणि खेळ पुढे चालू. नियम एकच कडक होता — दुसऱ्याचा फाऊल आपण सांगायचा नाही. डोळ्यांनी पाहिला तरी नाही. पापाची कबुली ज्याची त्यानेच द्यायची असते, हे मला त्यातून शिकवायचे होते. मला!

आमच्या चेंडूत हवा भरून देणारे सायकल दुकानवाले रफिकभाई कडेला उभे राहून पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "क्या सर, सीटी नहीं, रेफरी नहीं — चोर को पकडता कौन?"

"चोर खुदइच हात उठाता, रफिकभाई," शांतवन धावता धावता ओरडला.

"तो फिर वो चोर कायका!"

हा शांतवन. बावीस वर्षांचा, मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मुलगा. लहानपणापासून त्याला एकच व्हायचे होते — पाळक. गल्लीतल्या मेलेल्या चिमण्यांचे दफनविधीसुद्धा त्याने रीतसर प्रार्थना म्हणून केले होते, असे त्याची आई हसत सांगे. खेळताना तो आडदांड होता, आणि त्याचा हात सारखा वर जाई. "माझा धक्का लागला." "माझ्या कोपराला लागला बॉल, कुणी बघितला नाय, पण लागला." कधी कधी त्याच्याच बाजूचे वैतागत. "अरं बाबा, पुरं की आता, आपण हरतोय!" तो हात वरच ठेवी.

माझ्या हजेरीपटात मी प्रत्येक कबुलीसाठी त्या नावापुढे एक ठिपका देत असे. शाळेतून आल्यावर खिशात लाल शाईचे पेन असे, म्हणून ठिपके लाल. वर्षअखेर सर्वांत जास्त ठिपके असणाऱ्याला मी बायबलच्या नव्या कराराची एक प्रत भेट देणार होतो, पण हे मी कोणालाही सांगितले नव्हते — सांगितले असते तर बक्षिसासाठी हात वर झाले असते. त्यामुळे त्या ठिपक्यांचा अर्थ या जगात फक्त मला ठाऊक होता. ही गोष्ट लक्षात असू द्या.

खेळणाऱ्या प्रत्येकाचे नाव पटात होते. पहिले नाव माझे होते.

मला पळता येत नसे, म्हणून मला गोलात उभे करीत. पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारी सामना बरोबरीत चालला होता. एक चेंडू माझ्या पायांमधून गेला आणि मी त्याच्यावर पडलो. तो चुन्याच्या रेघेच्या आत गेला होता — चांगला वीतभर आत. मी त्याला पोटाशी धरून पुढे ओढले. माझ्या अंगाआड काय घडले ते कोणाला दिसण्यासारखे नव्हते. फक्त शांतवन खांबाजवळ होता. तो तर विरुद्ध बाजूचा, गोल त्यांचाच. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो थांबला. किती वेळ? तीन श्वास असतील, चार असतील. मला वेळ देत होता, हे मला समजत होते. मी हात वर केला नाही. शर्टाला लागलेला चुना झटकला आणि चेंडू लांब फेकला. नियमाप्रमाणे शांतवन काही बोलला नाही. पळत निघून गेला. आणि थोड्याच वेळात कोणाचा तरी शर्ट ओढल्याची कबुली देत मैदानाच्या मध्ये हात वर करून उभा राहिला.

एवढीच गोष्ट असती तर मी हे लिहिले नसते. खेळातला एक गोल — कोणाचे काय जाते?

जूनमध्ये आमच्या मंडळीला पाळकाच्या शिक्षणासाठी एक जागा मिळाली. राहण्या-जेवणासह चार वर्षे. नावे दोन होती, शांतवन आणि जयवंत. जयवंत गाणारा, नीटनेटका, सरळ मुलगा. त्याच्याविषयी माझे तेव्हाही काही म्हणणे नव्हते, आजही नाही. रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या खोलीत वडीलजनांची, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांची, सभा बसली. तिथे मी होतो, कारण हजेरीपट माझ्याकडे होता.

पट भास्कररावांनी उघडला. भास्करराव निवृत्त हेडमास्तर. मुले चाळिशीत गेली तरी त्यांच्यासमोर सायकलवरून उतरत, असा त्यांचा दरारा. तीस वर्षे त्यांनी लाल शाईने मुलांच्या चुका टिपल्या होत्या. लाल म्हणजे चूक, याहून वेगळे काही त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते. त्यांनी शांतवनच्या ओळीवर बोट ठेवले.

"सर, हे काय? एवढं लाल?"

मी म्हणालो, "ते... खेळातले फाऊल आहेत."

हे खोटे नव्हते. अक्षरशः खरे होते. याच्यापुढे आणखी एक वाक्य हवे होते — हे त्याने स्वतः होऊन कबूल केलेले फाऊल आहेत, आणि म्हणून हा पट त्याचा सन्मान आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. व्याकरणासकट.

"एकतीस!" भास्कररावांनी मोजले. "जयवंतचे दोन. जो खेळात एवढा बेशिस्त, तो वेदीसमोर कसा उभा राहील?" मग त्यांचे बोट वर सरकत पहिल्या ओळीवर आले. "आणि हे बघा. सरांच्या नावापुढं एक ठिपका नाही. तरुणांना घालून द्यावा तो हा धडा."

चार माणसांत कोणी माझी अशी स्तुती केल्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. मी मान खाली घातली. ती त्यांनी नम्रता समजली. पाळकसाहेबांनी एकदा विचारले, "सर, तुमचं काय मत? मुलं तुमच्या हाताखालची आहेत." ठिपक्यांचा अर्थ सांगितला असता तर माझ्या कोऱ्या ओळीचाही अर्थ त्याच क्षणी उघड झाला असता. नाही का? वर्षभर खेळून ज्याने एकदाही हात वर केला नाही, तो माणूस कोण, हे भास्कररावांना समजायला वेळ लागला नसता. मी म्हणालो, "आपण ठरवाल ते योग्यच असेल." तेवढ्यात चहा आला. जागा जयवंतला मिळाली.

पुढच्या महिन्यात मला शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गांचा, अधीक्षक नेमण्यात आले.

त्याच आठवड्यात शांतवन सायकलवरून घरी आला. "सलाम सर," म्हणून खुर्चीच्या कडेवर बसला. रडला नाही, चिडलेला नव्हता. म्हणाला, "सर, माझ्यात काय कमी पडलं तेवढं सांगा. म्हंजी मी ते दुरुस्त करीन."

हजेरीपट आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होता.

मी म्हणालो, "प्रभूची इच्छा, शांतवन."

सभेतल्या माझ्या गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणता येईल. या वाक्याला काय म्हणाल? मी माझे कृत्य देवाच्या नावावर घातले, आणि ज्याचा देवावर माझ्याहून अधिक विश्वास होता अशा माणसासमोर घातले. त्याने ते लगेच मानले. "व्हय सर," म्हणाला, पाण्याचा पेला रिकामा केला, आणि जाताना पेला स्वतः आत नेऊन ठेवला. शनिवारी तो खेळायला आला आणि त्याने हात वर केला. मी ठिपका दिला नाही. ठिपके देणे मी बंद केले होते. नवा करारही कोणाला दिला नाही.

वर्षभरात तो वाळूजला एका कारखान्यात लागला. शिफ्टच्या बसने जाई, येई; शनिवार हुकू लागले. माझा खेळ मात्र पसरला. जालन्याच्या, बीडच्या मंडळ्यांतून पत्रे आली, आणि त्यांच्या आग्रहावरून मी नियमांची एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्या तिसऱ्या पानावर हे वाक्य आहे: 'नावापुढील ठिपका हा दोष नसून प्रामाणिकपणाची खूण आहे, हे वडीलजनांना आधी समजावून सांगावे.' ते लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नाही.

अठरा वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. पाळकांची गाडी बिडकीनजवळ बंद पडली आणि दफनभूमीत सगळे खोळंबले. पहिली शिफ्ट संपवून शांतवन तसाच निळ्या कपड्यांत आला होता. कोणीतरी म्हणाले, शांतवन, तूच म्हण. त्याने कबरीशी उभे राहून प्रार्थना म्हटली. पुस्तक नव्हते, घाई नव्हती. तिचे नाव त्याने दोनदा घेतले. मातीची मूठ हातात धरून मी ऐकत होतो, आणि हा आवाज गेली बावीस वर्षे यंत्रांच्या आवाजात होता, हे मला कळत होते. त्या दिवशीही मी काही बोललो नाही.

तो आता निवृत्त आहे. दोन मुलींची लग्ने झाली. आपल्याला जागा का मिळाली नाही, हे त्याला आजही ठाऊक नाही. प्रभूची इच्छा नव्हती, असे तो समजतो. हे छापून आले तर तो वाचील. त्याने काय करावे, हे मी सुचवत नाही. आणि मी हे कागदावर लिहिले आहे. हात वर करून, सर्वांना ऐकू जाईल असे म्हटलेले नाही. आमच्या खेळात अशी कबुली धरत नाहीत.

खेळ अजून चालतो. परवा शनिवारी मी मैदानावर गेलो होतो. शांतवनने माझ्यासाठी सावलीत खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः शेजारी उभा राहिला. हल्ली मुलीही मैदानावर खेळतात. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी चेंडू घेऊन गोलापर्यंत पोहोचली, आणि तिथे अचानक थांबून तिने हात वर केला. "माझ्या हाताला लागला! मगाशीच लागला!" तिच्या बाजूच्यांनी कपाळाला हात लावले. समोरून "माफ" आले.

"पोरगी लई खरी हाय, सर," शांतवन म्हणाला, आणि त्याने टाळ्या वाजवल्या. कडेचे सगळेच वाजवू लागले.

माझे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. सामना संपेपर्यंत ते तिथेच राहिले.