ताई आउट देत नाहीत

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवताना माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला मदतीला घेतलं असतं, तर माणूस दुपारच्या चहाच्या आत तयार झाला असता, चार दिवस वापरून बघितला गेला असता, आणि पाठदुखीच्या तक्रारी आल्यावर नवा कणा बसवून पुन्हा पाठवला गेला असता. इतक्या झपाट्याने काम करणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. अंधेरीच्या एका कॉलेजात ‘निरंतर शिक्षण’ नावाचा विभाग आहे. शाळा मागे पडली पण शिकायचं राहून गेलं, अशा मोठ्या माणसांसाठी तिथे छोटे छोटे अभ्यासक्रम चालतात, आणि ताई तिथल्या प्रमुख. आता अभ्यासक्रम म्हटला की समिती आली, उपसमिती आली, तिची बिस्किटं आली, वर्षभराने एक जाडजूड फाइल आली, आणि तोवर ज्याला शिकायचं होतं तो गावाला निघून गेला. ताईंकडे हे नाही. मंगळवारी भाजीच्या गाडीवर कोणाची तरी अडचण कानावर पडली की गुरुवारी तिचा वर्ग भरतो. अर्धवट, पुठ्ठ्याचा, सुतळीने बांधलेला, पण भरतो. शुक्रवारी ताई तो मोडतात आणि शनिवारी दुसरा उभा करतात. ह्या प्रकाराला ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ असं भारदस्त नाव आहे म्हणे. त्यांच्या केबिनबाहेरच्या फळ्यावर ते लिहिलेलंही आहे. ताई मात्र त्याला म्हणतात ‘कच्चं लिंबू’.

लहानपणी प्रत्येक खेळात एखादं बारकं पोर असायचंच. घ्यावं तर खेळाची वाट लावणार, न घ्यावं तर भोकाड पसरणार. मग त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचं. त्याने धावायचं, पळायचं, सगळं करायचं. फक्त आउट झालं तरी ते आउट नाही. ताईंचा प्रत्येक नवा वर्ग म्हणजे असं कच्चं लिंबू. शिकवणारा चुकला, शिकणारा अडखळला, पुठ्ठा फाटला, की मागून खणखणीत आवाज येतो, "कच्चं लिंबू! आउट नाही. चला, पुढे!" ह्या आवाजाने पन्नाशी उलटलेल्या, नोकरी गेलेल्या, कोणाच्याच उपयोगाचा न उरलेल्या एका माणसाला घरातून बाहेर काढलं. तो माणूस मी. पण माझं नंतर. आधी ताई.

ताईंना वेळ-काळ-ठिकाण ह्या तिन्ही गोष्टींचं वावडं आहे. वाकोल्याला आमच्या भाच्याचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत दोन बायका आपापल्या सासूच्या गोळ्यांचा गोंधळ एकमेकींना सांगत होत्या. झालं! डावा पाय ओढत ओढत ताई आमच्या सगळ्यांच्या पुढे गेल्या (त्या पायाने त्या चालतात, आणि धडधाकट पायांनी आम्ही मागे राहतो), केटररकडून कागदी द्रोण मागून आणले, त्यांवर ‘सकाळ, दुपार, रात्र’ असं लिपस्टिकने लिहिलं, आणि बुंदीच्या गोळ्या करून वर्ग सुरू. पिवळी बुंदी रक्तदाबाची, लाल साखरेची. नवऱ्यामुलाची आईसुद्धा येऊन बसली. मधेच एक काका आले आणि दुपारचा आख्खा डोस खाऊन गेले. मी कपाळाला हात लावला, तर ताई टाळ्या वाजवत म्हणतात, "बघा! घरी अगदी हेच होतं! द्रोणाला झाकण हवं!" आज त्यांच्या विभागात ‘घरचं आजारपण’ नावाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याचा पहिला धडा झाकणाचा आहे.

दुसरा किस्सा गोराईचा. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांना फोनवर ऑर्डर घ्यायला शिकवायचं म्हणून ताई पुठ्ठ्याचे फोन घेऊन बोटीने खाडी ओलांडून गेल्या. पैसे कसे घ्यायचे, हिशेब कसा ठेवायचा, असे चार धडे काढले होते. पहिला धडा अर्धा झाला असेल, तोच एक दणकट बाई म्हणाली, "बाय, सगला खरा, पन फोटोत माझा म्हावरा शिला दिसतो, त्याचा काय?" दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तुमचा प्रश्न शेवटी घेऊ. ताईंनी तिथल्या तिथे चारही धडे पिशवीत कोंबले आणि सकाळभर सगळ्या मिळून एका सुरमईचे फोटो काढत बसल्या. उन्हात, सावलीत, केळीच्या पानावर, ओल्या फडक्यावर. परत आल्या त्या लढाई जिंकल्यासारख्या. "जावईबापू, चारातले चारही धडे चुकले!" मला म्हणाल्या. असा आनंद मी बोर्डात आलेल्या पोरांच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

आणि मी कोण? साकीनाक्याच्या एका कारखान्यात माल तपासणारा माणूस. आयुष्यभर एकच काम केलं: कारागिरांनी बनवून आणलेला तुकडा मोजायचा, आणि केसाएवढा जरी फरक असला तरी बाजूला टाकायचा. कच्चा माल, कच्चं काम, ‘चालतंय हो, चालवून घ्या’, ह्या शब्दांनी माझं डोकं सणकतं. मालकांनी कारखाना दूर नेला आणि मी मुलुंडला घरी येऊन बसलो. दोष काढणं एवढंच येणाऱ्या माणसाला ह्या वयात कोण ठेवणार? मग मी घरातच तपासणी सुरू केली. दूधवाल्याचं माप, वॉचमनची शिटी, शेवटी हिच्या चपातीची जाडी. "अहो, खाली तरी जाऊन या ना जरा," ही म्हणायची. खाली लोक विचारायचे, सध्या काय करता? म्हणून मी जायचो नाही. महिने गेले. रात्री झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. माझी खरंच भीती वाटायला लागली होती, हिलाही आणि मलाही.

अशा एका शुक्रवारी ताईंचा फोन. "जावईबापू, परवा सकाळी साकीनाक्याला तुमचा वर्ग. तिथल्या गाळ्यांमधली माणसं येतील. मोजमाप शिकवायचं."

"अभ्यासक्रम कुठाय?" मी विचारलं.

"तो परवा दुपारी होईल."

मी तीन महिने मागितले. त्यांनी मला तीन वाजेपर्यंतचा वेळ दिला, आणि तीन वाजता स्वतःच आल्या. हिच्या कपाटातलं साडीचं खोकं काढलं, कात्रीने कापलं आणि हातभर लांबीचा एक व्हर्नियर बनवला. व्हर्नियर म्हणजे आम्ही ज्या पट्टीने तुकडा बारीकसारीक मोजतो ती, आमच्या धंद्यातला देवच. पुठ्ठ्याचा व्हर्नियर! त्यावर एका बाजूला जरीच्या साडीचं चित्र! मी ओरडलो, "ताई, हे मी रिजेक्ट करतो!" त्या म्हणाल्या, "करा की. पण परवा वापरून झाल्यावर करा."

पहिला वर्ग कसा झाला म्हणाल, तर माझी पार वाट लागली. एका बंद गाळ्यात लेथवरचे, पॅकिंगमधले, ड्रिलिंगमधले असे बाया-पुरुष दाटीवाटीने बसलेले. मी मापनशास्त्राच्या उगमापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने दोघं झोपले, एकाने फोन काढला. शेवटी लेथवरचा एक जण उठला. "सर, तुमचं ते सगळं झकास आहे. पण माल परत का येतो ते सांगा ना. पार्टी रिजेक्ट मारते, मालक आमच्यावर डाफरतो, कारण कोणीच बोलत नाही यार." माझ्या पायाखालची जमीन सरकली. मागून आवाज आला, "कच्चं लिंबू! आउट नाही!" आणि ताई उठून विचारू लागल्या, "परत आलेला माल आहे का कोणाकडे? आणा बरं."

गाळ्यातल्या लोकांनी पिशव्या भरभरून आणला! परत आलेल्या तुकड्यांचा ढीग समोर पडला आणि मला काय झालं कोण जाणे. एकेक उचलत गेलो. "हा बघ, इथे धार राहिली. हा गरम असताना मोजलास ना? आणि हा कोणी केला रे? हा चांगला आहे, हा उगाच परत पाठवलाय." लोक पुढे सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकले. आयुष्यभर मी तुकडे बाजूला टाकले. ते का टाकले, हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

तरी ताईंनी तो वर्ग मोडलाच. पुढच्या रविवारी नवा, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी नवा. उगम गेला, सूत्रं गेली, पुठ्ठ्याचा व्हर्नियर मात्र राहिला, कारण तो मागच्या रांगेतूनही दिसायचा. मी किती चुकलो म्हणून सांगू! आणि दर वेळी तेच, कच्चं लिंबू, आउट नाही. शेवटी मी घरी येऊन हिच्यावर भडकलो. "तुझी बहीण मला काय पोरगं समजते का गं? एकदा तरी तोंडावर सांगावं ना, तुमचं हे चुकलं म्हणून!"

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "ती कोणालाच आउट देत नाही. लहानपणी पायामुळे घाटकोपरच्या चाळीत तिला कायम कच्चं लिंबूच घ्यायचे. इतर पोरं मोठी झाली, पक्की झाली. ही आपली तशीच. लगोरीत पकडली गेली तरी सगळे म्हणायचे, जाऊ दे, ती आउट नाही. मग एकदा एका दांडगट पोरीने चिडून तिला आउट दिलं. खरंखुरं. ताई उड्या मारत घरी आली आणि आईकडे गूळ मागितला. म्हणाली, आई, मी आउट झाले!" एवढं सांगून ही पुन्हा भाजी निवडायला लागली.

यथावकाश वर्ग मंजूर झाला. ‘माल परत का येतो’ ह्याच नावाने कॉलेजच्या वेळापत्रकात लागला, फी, प्रमाणपत्र, सगळं रीतसर. पहिल्या पक्क्या वर्गाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ताई मागच्या बाकावर, पाय समोरच्या स्टुलावर पसरून. माझा वर्ग रंगला म्हणजे काय रंगला! लोक हसले, टाळ्या पडल्या. संपल्यावर मी ताईंसमोर जाऊन उभा राहिलो.

ताई हसल्या नाहीत. "पॅकिंगच्या त्या बाईंनी दोनदा हात वर केला. तुम्ही म्हणालात, ते सोपं आहे, घरी बघा. सोपं असतं तर त्या रविवारी सकाळी स्वयंपाक टाकून इथे आल्या असत्या का? आणि शेवटी तुम्ही शिकवत नव्हता, टाळ्या घेत होता." मग पर्स काखेला मारली, उठल्या, आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "जावईबापू, आउट."

आणि गेल्या, डावा पाय ओढत, भराभरा. मी धावत जाऊन त्या पॅकिंगच्या बाईंना जिन्यात गाठलं, त्यांचा प्रश्न विचारून घेतला. सोपा नव्हता. मलाही पुढच्या रविवारपर्यंत विचार करावा लागणार होता.

मुलुंडला पोचलो तेव्हा खाली दोघं-तिघं उभे होते. सध्या काय करता, त्यांनी विचारलं. म्हटलं, शिकवतो. वर आलो. ही दार उघडून बघतच राहिली, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसूही होतं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "घरात थोडा गूळ आहे का?"