वन्संबरोबर मुरुडपर्यंत

संक्रांत होऊन आठवडा लोटला असेल. वन्संना मुरुडच्या मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं आणि घरात अबोला सुरू झाला. वन्सं म्हणजे माझी नणंद, इंदू. माझ्याच वयाची. लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परतली, कपाळ पुसून. पुढे यांनी हट्टानं तिला शिकवलं, ती शिक्षिकेची परीक्षाही पास झाली. पण नोकरीसाठी गिरगाव सोडून समुद्राकाठच्या परक्या संस्थानात एकटीनं राहायचं, हे सासूबाईंना पटेना. शेवटी तोड निघाली ती अशी, की आधी जागा पाहून यावी. यांना रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी. निघताना सासूबाईंनी मला आत बोलावलं. "जागा बघायला जाताय, बघून या. पण तिला परत घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

मला ते सांगायला नको होतं. वन्सं घरात नसण्याची कल्पना मलाच सोसत नव्हती.

ज्यांना या बाजूला यायचं असेल त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सकाळची पहिली बोट धरावी. ऊन चढलं की वारा सुटतो आणि बोट हलायला लागते. मी लिंबू नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते. वन्सं मात्र कठड्याला टेकून उभ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. रेवसला उतरताना फळीवरून चालावं लागतं. तिथे टांगेवाले अंगावर येतात, पण भाव एकच, तेव्हा घोडा धडधाकट बघून बसावं. अलिबागपर्यंतचा रस्ता धुळीचा आहे, तरी दोन्ही बाजूंना वालाची शेतं आणि मधूनच खाजणाचा खारट वास, त्यामुळे कंटाळा येत नाही.

अलिबागेत यांच्या मावशीकडे उतरलो. संध्याकाळी त्यांनी परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. त्या शेंगांना जो वास लागतो तो घरच्या चुलीवर येत नाही. सगळ्यांनी गोल बसून शेंगा सोलल्या. मावशींनी मात्र सवयीनं वन्संसाठी वेगळं पान बाजूला मांडलं होतं. प्रेमानंच मांडलं होतं, तूपही जास्त वाढलं होतं. वन्सं तिथे जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी होती म्हणून कुलाब्याचा किल्ला पाहायला निघालो. भरतीला हा किल्ला पाण्यात असतो आणि ओहोटीला वाळूतून पायी जाता येतं. ओली वाळू इतकी टणक की पाय रुतत नाहीत. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे आणि तटावर चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफा. देवळातल्या गुरवानं बजावलं होतं, "बायांनो, पानी फिरायच्या आत निघा. ते सांगून येत न्हाय." पण तटावर बसून नारळाच्या वड्या खाताना आम्ही रमलो. खाली पाहिलं तर वाटेवर पाण्याची पट्टी चमकत होती.

धावत खाली आलो. पाणी आधी घोट्याशी होतं, मध्यावर पोहोचेपर्यंत गुडघ्यांच्या वर आलं. पाण्याला ओढ होती. "वन्सं, मला पोहता येत नाही," मी म्हटलं. "मला तरी कुठं येतंय?" त्या म्हणाल्या आणि माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिला. "पाण्याकडं बघू नका वहिनी. समोर ते माडाचं झाड आहे ना, त्याच्याकडं बघत चला." कमरेपर्यंत भिजून आम्ही काठाला लागलो आणि वाळूत बसकण मारली. मी रडायच्या बेतात होते. वन्सं हसत होत्या. दोन्ही हातांनी पोट धरून, रस्त्यावरचे लोक बघताहेत याची पर्वा न करता. आमच्या घरात त्या तोंडावर पदर धरून हसत. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि मग मलाही हसू आवरेना. तुम्ही जाल तेव्हा गुरवाचं ऐका.

अलिबागेहून पुढे चौल आणि रेवदंडा. सगळा रस्ता नारळी-पोफळीच्या सावलीतून जातो. भर दुपारीही डोक्यावर ऊन नाही. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या पडक्या तटातूनच गावात शिरावं लागतं. आत जिथे चर्च होती तिथे आता वाड्या आहेत, आणि उंच मनोऱ्याच्या सावलीत बायका सुपाऱ्या वाळवत बसलेल्या. खाडी होडीनं ओलांडली. पलीकडे थोडं गेलं की जंजिरा संस्थानाची हद्द लागते. तिथून बैलगाडी. गाडीत गवत जास्त घालून घ्या, चढ-उतार पुष्कळ आहेत. वाटेत एका वळणावर झाडी संपते आणि खाली पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा दिसतो, माणूस नाही काणूस नाही. गाडीवानानं आपणहून गाडी थांबवली. आम्ही वहाणा काढून पाण्यापर्यंत चालत गेलो. कुलाब्याचा धडा घेतल्यामुळे मी घोट्याच्या पुढे गेले नाही.

मुरुडला भागीरथीकाकूंच्या घरी आमची सोय होती. काकू एकट्या, वय झालेलं, मागे सुपारीची छोटी वाडी. शिक्षिकेसाठी त्या ओटीलगतची खोली देणार होत्या. खोली सारवलेली, खिडकीतून समुद्राचा आवाज. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. काकूंनी तिघींची पानं ओळीनं मांडली, मध्ये वन्संचं. मी बघितलं, वन्संनीही बघितलं.

शाळा म्हणजे एक लांब पडवी आणि दोन खोल्या. बाई नसल्यामुळे बंद होती. पण नवी बाई आल्याचं गावभर झालं होतं, त्यामुळे आम्ही पोहोचेतो पंधरा-वीस मुली पायरीवर जमल्या. वन्संनी कुलूप उघडवलं, पडवी स्वतः झाडली आणि मुलींना बसवून कुलाब्याच्या पाण्याची हकीकत सांगितली. मला भित्री करून सांगितली, मुली माझ्याकडे बघून खुदुखुदू हसत होत्या. एक कोळीण डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून दारात ऐकत उभी होती. तिचं नाव हिराबाय. तिची मुलगी पहिल्या ओळीत बसली होती.

गोष्ट संपल्यावर हिराबाय पुढे आली. "बाय, येक इचारू? आदली बाई दोन म्हयनं ऱ्हायली न् गेली. पोर माझी रोज हितं येऊन कुलूप बघून घरी यायची. तू पन जानार असशील तर आत्ताच सांग. तिला आशा लावू नको."

वन्संच्या हातात अजून केरसुणी होती. "उद्या संध्याकाळी सांगते," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सांगेन."

"व्हय, खरंच सांग," म्हणत हिराबायनं पाटी उचलली.

जंजिरा पाहिल्याशिवाय मुरुडहून परतायचं नाही. सकाळीच राजपुरीला गेलो. तिथून शिडाच्या होडीनं किल्ल्यात जातात. आमच्या होडीचे मालक इब्राहिमचाचा सुकाणूवर बसले होते. काळाकभिन्न तट पाण्यातून थेट वर आलेला, आणि दार कुठेच दिसेना. "चाचा, आत जायचं कुठून?" मी विचारलं. "जवळ चला, दिसंल," ते म्हणाले. अगदी भिंतीला धडकणार असं वाटेपर्यंत नेलं, आणि दोन बुरुजांच्या मध्ये दरवाजा उघडला. उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं. लाटेनं होडी वर उचलली की तेवढ्यात पाय टाकायचा. चाचांनी हात दिला. "घाई नको, भीती पन नको," म्हणाले. आत माणसं राहतात, कोंबड्या फिरतात, दोरीवर कपडे वाळत असतात. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. आणि ती प्रसिद्ध लांबलचक तोफ, उन्हात तापलेली.

तोफेजवळच्या सावलीत बसलो तेव्हा मी सासूबाईंचा निरोप सांगून टाकला. "मला तुम्हाला परत न्यायला सांगितलंय."

"ठाऊक आहे. आई मलाही तेच म्हणाली." त्यांनी समुद्राकडे तोंड केलं होतं. "आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही घरी यावं असं वाटतं. तुमच्याशिवाय मी कुणाशी बोलू?"

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "घरी मला कुणी बोल लावत नाही. सगळे जपतात. पण वहिनी, काल त्या मुली माझी वाट बघत बसल्या होत्या. माझी वाट कुणी बघितल्याला किती वर्षं झाली, आठवतही नाही. तरी तुम्ही चला म्हणालात तर मी येईन. तुमचं मन मोडून राहणार नाही."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. आता सगळं माझ्यावर आलं. मला राग आला, रडूही आलं. 'चला' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. मग त्या सकाळी काकूंच्या ओटीलगतच्या खोलीतून ऐकू आलेलं त्यांचं गुणगुणणं आठवलं; घरी त्या कधी गुणगुणत नसत. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "राहा तुम्ही. सासूबाईंना मी सांगेन."

परतताना वारा विरुद्ध होता. चाचा होडी तिरकी तिरकी घेत होते आणि पाणी अंगावर उडत होतं. वन्संनी माझा हात किनारा येईपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी त्या एकट्याच कोळीवाड्यात गेल्या. हिराबायला काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही. येताना त्यांच्या हातात अबोलीची वेणी होती. माळायची नाही म्हणून त्यांनी ती खिडकीच्या गजाला बांधली.

मी मुंबईला आगबोटीनं परतले. हा मार्ग सोपा आहे, फक्त बोट खोल पाण्यात उभी असते आणि मचव्यातून तिथवर जावं लागतं. वन्सं मचव्यात चढून बोटीपर्यंत आल्या. मी शिडी चढले आणि वळून पाहिलं तेव्हा मचवा निघाला होता. त्या उभ्या होत्या, होडी हलत असताना, कशालाही न धरता.

घरी पोहोचले तेव्हा सासूबाई दारात होत्या. माझ्यामागे कुणी नाही हे त्यांनी पाहिलं आणि आत निघून गेल्या. मी सगळं सांगितलं, राहा असं मीच म्हणाले तेही सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रवासाचं काय उरलं असं लोक विचारतात. कुलाब्याला भिजलेल्या लुगड्याच्या काठावर खारटाची रेघ आहे, ती निघत नाही. समुद्र बघितला की आता भीती वाटत नाही. पण दुपारी पुरुषमाणसं जेवून गेली की आम्ही दोघी नणंदा-भावजया समोरासमोर बसून जेवत असू, ते मात्र गेलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दुपारी मी एकटीच पान घेऊन बसले होते. सासूबाई एरवी त्या वेळी पडलेल्या असतात. त्या स्वयंपाकघरात आल्या, पाट ओढला आणि माझ्यासमोर बसल्या. थोडा भात कालवला, पण खाल्ला नाही.

"ती हसली म्हणालीस," त्यांनी विचारलं. "मोठ्यानं?"

"हो. पोट धरून."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."