पायलच्या वहीतलं पहिलं पान

पायलबद्दल कोणी विचारलं की मी आधी तिच्या बोटांबद्दल सांगतो. मनगटावर तीन बोटं टेकवली की तिला नाडी सापडायची. वर्गातल्या बाकीच्या पोरी अर्धा तास मनगट चाचपत बसायच्या आणि शेवटी "सर, हिले नाडीच नाही" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमची शाळा. नववी-दहावीला एका भाषेऐवजी 'आरोग्यसेवा' हा विषय घेता येतो. ताप मोजायचा, बीपी पाहायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसून काढायचं, घास भरवायचा. शिकवायला कंत्राटावर एक बाई होत्या. त्यांचं कंत्राट संपलं, नवं कोणी आलं नाही, आणि विज्ञानाचा मास्तर म्हणून ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. मी चिडलो होतो. "लोकांचं हागणं-मुतणं काढायला दहावी कशाला लागते?" असं स्टाफरूममध्ये बोलूनही मोकळा झालो होतो. तेव्हा सगळे हसले होते.

पायल जवळच्या तांड्यावरची. बाप हैदराबाद लाईनवर ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. बाकी दिवस घरात पायल आणि तिची आई सुखीबाई, दोघीच. आईला ती याडी म्हणते. सुखीबाई घरचं अडीच एकर सांभाळून वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या वावरातही जायची.

दहावीच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं घरातल्या एका माणसाचं बीपी मोजून वहीत लिहायचं होतं. शाळेत मशीन एकच, ते दोन-दोन दिवस एकेकाच्या घरी जायचं. आता खरं सांगतो, आमच्याकडे प्रात्यक्षिकाची वही म्हणजे मागच्या वर्षीच्या वहीची नक्कल. परीक्षक बाहेरून येतात, पोहे खातात, पानं उलटतात. सगळीकडे एकशेवीस-ऐंशी दिसलं की कोणी काही विचारत नाही. मशीन घरी न्यायचं ते फक्त नेलं म्हणायला. पायलनं मात्र खरंच मोजलं.

"सर, याडीचं एकशेऐंशी-एकशेदहा येऊन राह्यलं," ती वही पुढे करत म्हणाली. "तीनदा मोजलं. डोकंही ठणकते म्हणते. शनिवारी दवाखान्यात न्या लागते तिले."

"मशीन बिघडलं असन," मी म्हणालो. मान वर करूनही पाहिलं नाही. "एकशेवीस-ऐंशी लिही."

"पण सर, आकडा तं..."

"परीक्षकानं इचारलं तं मले उत्तर द्या लागते. पान फाड, नवं लिही. खाडाखोड करू नको, मार्क कटते."

तिनं पान फाडलं, नवं लिहिलं. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली, सही ठोकली. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. शनिवारी दवाखान्याचं काय झालं हे मी विचारलं नाही. सुखीबाईला रोजाचा खाडा नकोच होता. "मास्तर म्हणते मशीन खराब हाय, मंग मले काय झालं?" असं म्हणून ती कापूस वेचायला गेली, हे मला फार उशिरा कळलं.

पायल अकरावीला गेली. पुढे यवतमाळला नर्सिंग करायचं तिनं ठरवलं होतं, आणि ते तिला जमलंच असतं. दिवाळीनंतर सुखीबाई वावरात पडली. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी पायलला विचारलं, "बीपीची गोळी कधीपासून बंद केली?" गोळी कधी सुरूच झाली नव्हती. पायलनं शाळा सोडली.

शाळेच्या शिपायानं मला हे सांगितलं. त्यानंतर आठ महिने मी रोज मोटरसायकलवरून त्या तांड्याच्या फाट्यासमोरून गेलो आणि एकदाही आत वळलो नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेतला. रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती म्हणून तो फॉर्म.

सुखीबाईची खोली स्वच्छ होती. मला वास येईल असं वाटलं होतं, तो साबणाचा आला. आठ महिने अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीवर एक जखम नव्हती. पायल आईला टेकवून बसवून पेज भरवत होती, प्रत्येक घासाला हनुवटी खाली धरायला सांगत होती. मी फॉर्म पुढे केला.

"यंदा नाही सर. हिले टाकून कुठं जाऊ?"

फळीवर एक जुनं बीपीचं मशीन होतं आणि शेजारी तीच वही. पहिल्या पानावर एकशेवीस-ऐंशी आणि माझी सही. त्यापुढची सगळी कोरी पानं तिनं भरली होती. रोजचं बीपी, गोळीची वेळ, कूस बदलल्याची वेळ.

"पायल," मी म्हणालो, "मशीन बिघडलेलं नव्हतं."

"मले माहीत होतं सर. त्याच मशीनवर मी माहं मोजलं, शेजारच्या काकीचं मोजलं. बरोबर येत होतं."

"मग माझं ऐकलं काहून?"

"तुमी सर होते ना."

मी खिशातून लाल पेन काढला. निदान तो आकडा तरी दुरुस्त करावा म्हटलं. तिनं वही हलकेच मिटली.

"राहू द्या सर. खाडाखोड केली तं मार्क कटते, तुमीच सांगतलं होतं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दोन वाजले. "जरा खांदा धरता का? कूस बदलाची हाय," ती म्हणाली. मी वाकलो तसं तिनं थांबवलं. "आधी याडीले सांगा. न सांगता हात लावला तं घाबरते ते."

पुस्तकात हा धडा होता. त्यावर प्रश्न येत नाही म्हणून मी तो शिकवला नव्हता. तिचा तिनंच वाचला असणार.

"सुखीबाई, मी पायलचा मास्तर," मी म्हणालो. "तुमचा खांदा धरतो."

सुखीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं डावा हात हळूहळू उचलला आणि घरी मास्तर आले म्हणून कपाळाला लावला.