उजव्या हाताचा मान

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यात मानीबाई कशिदा काढायला बसली, की भिंतीकडे तोंड करायची. घरच्यांना कारण ठाऊक होतं. ती डावखुरी. नवरीच्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, डाव्या हाताचा टाका लागला तर अपशकुन, असं तिच्या माहेरी मानत. लहानपणी आईनं तिचा डावा हात चिंधीनं खाटेला बांधून ठेवलेला. पुढं हात सुटला, पण धाक काही सुटला नाही. तिनं आपली पाठ फिरवून घेतली, एवढंच.

यवतमाळच्या प्रदर्शनात तिच्या ओढणीला पहिला नंबर मिळाला. आता मंचावर थोडं काम करून दाखवलं, की कशिदा शिकवायची नेमणूक तिचीच. सून वर्षा नात खुशीला घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती.

निवेदक रंगात आले होते. "मानपत्रावर इंग्रजी शब्द आहे, डेक्स्टेरिटी. हातातलं कसब. मूळ लॅटिन शब्द डेक्स्टर, म्हणजे उजवा. तेव्हा हा मान कारागिराच्या उजव्या हाताचा."

टाळ्या पडल्या. मंचावरच्या खुर्चीत बसलेल्या मानीबाईनं सुई डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

पहिला टाका वाकडा गेला, दुसरा त्याहून वाकडा. कापडावर बसवायची आरशाची काच घरंगळत मंचाखाली आली.

मागून कुणीतरी म्हणालं, "कोणाच्या हातचं आणलं वं हे? हिले तं सुई धरता येत नाही."

"बाजारातलं असन."

वर्षा काच उचलून थेट मंचावर गेली. सासूला ती याडी, म्हणजे आई म्हणायची. "याडी, काहून असं करून राह्यली? तुह्या हातानं कर ना."

"आयकलं नाही का तू? मान उजव्या हाताचा हाय म्हणे."

"ज्यायनं तो शब्द केला, त्यायनं तुहा कशिदा कुठं पाह्यला होता?"

मानीबाईनं मंचाच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. "मंग खुर्ची तरी फिरव."

"नाही फिरवत."

सासूनं तिच्याकडे रागानं पाहिलं आणि सुई डाव्या हातात घेतली. बघता बघता काचेभोवती टाक्यांचं कडं उभं राहिलं. मागच्या बाया उठून मंचापाशी आल्या. निवेदकांचा माईक हातातच राहिला.

वर्षा हसत खुशीकडे वळली आणि जागच्या जागी थिजली. खुशी उजव्या हातानं लाडू खात होती, निम्मा सांडत. डावा हात मांडीखाली दाबून ठेवलेला, रोज जेवताना वर्षा ठेवायला लावायची तसाच.

"काढ तो हात," वर्षा कसंबसं म्हणाली.

खुशीनं भिऊन तो आणखी आत सरकवला.