कागदाच्या मागची माणसं

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. मुलाने विचारलं तेव्हा विषय बदलला, कॉलनीच्या बैठकीत कुणी काढलं तर चहाच्या निमित्ताने उठून गेलो. आता लिहितो आहे, कारण परवा वॉर्ड ऑफिसने रुळांकडेच्या त्या भिंतीवर पाटी लावली: ‘जनतेच्या मागणीनुसार’. कसली जनता? ती मागणी माझ्या अक्षरात होती.

फौजेतली नोकरी संपल्यावर आम्ही साताऱ्याला परतलो नाही, जयपुरातच घर बांधलं. घरामागे रेल्वेलाईन, लाईनवर फाटक. फाटक आलं की ड्रायव्हरने भोंगा वाजवायचा हा नियम. बायकोला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. प्रत्येक भोंग्याला ती दचकायची आणि तिचा चांगला हातही थरथरायचा. मी तक्रारींवर तक्रारी केल्या. वॉर्ड ऑफिसने तोडगा सांगितला: फाटक बंद, म्हणजे भोंगा बंद. पुढे अंडरपास होईल. रहदारी कमी आहे एवढं मोजून दाखवा, खाली नागरिकांच्या प्रतिनिधीची सही हवी.

“फौजी साब की साइन पर कौन सवाल करेगा?” तिथला ज्युनिअर इंजिनिअर म्हणाला. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

तीन दिवस मी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. छापील तक्त्यात ट्रक, मोटार, स्कूटर, सायकल, सगळ्यांना रकाने. उंटगाडीलासुद्धा रकाना होता. पायी चालणाऱ्याला नव्हता! मी पायी माणसं कागदाच्या मागच्या बाजूला रेघा मारून मोजली. मागची बाजू भरून गेली. शाळेची मुलं, घरकामाच्या बाया, आणि आमची इस्त्रीवाली. ती रुळांपलीकडच्या वस्तीत राहायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी ठेला लावायची. रोज डोक्यावर गाठोडं घेऊन फाटक ओलांडायची.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर थांबली. “फौजी साब, पैदल का रास्ता तो रहेगा ना? बस्तीवाले अर्जी लिखवा रहे हैं.”

“रहेगा, बहनजी. देखो, आपको भी गिना है.” मी तिला तिची रेघ दाखवली.

ती हसली. “इत्ती पतली? मैं तो इससे मोटी हूँ.” मग वस्तीत जाऊन तिने सांगितलं, अर्ज कशाला, फौजीने शब्द दिला आहे. अर्ज गेलाच नाही.

मोजणी घेऊन ऑफिसात गेलो तेव्हा इंजिनिअरने कागद उलटा केला. “ये क्या है? पैदल का कॉलम नहीं है, साब. फेयर कर दीजिए.”

“और उनका रास्ता?”

“अंडरपास तो सबका है.”

मी एकदाच विचारलं. मग कोरा तक्ता घेतला, फक्त पुढची बाजू सुवाच्य अक्षरात उतरवली आणि सही केली. मूळ कागद घडी करून घरी आणला. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे.

फाटकाच्या जागी भिंत उभी राहिली. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसह ‘बधाई’ आली. अंडरपास झाला तोही लांब, वळसा घालून, आणि पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्याखाली. रेल्वे म्हणते पाणी वॉर्डाचं, वॉर्ड म्हणतो खड्डा रेल्वेचा. मी दोन्हीकडे अर्ज दिले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: आपण स्वतः केलेल्या मोजणीनुसार काम पूर्ण झाले आहे. निर्लज्ज माणसं! पण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ते सगळं खोटं मी आधीच लिहून दिलं होतं.

माणसं थांबतात थोडीच? त्यांनी भिंतीला भगदाड पाडलं. रुळांवर माणसं दिसतात म्हणून ड्रायव्हर आता पूर्वीपेक्षा लांबून आणि जास्त वेळ भोंगा वाजवतो. बायको दचकतेच आहे.

त्याच भगदाडातून येताना इस्त्रीवाली खडीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. कोळशाची इस्त्री त्या हाताने पुन्हा उचलली गेली नाही. वस्तीतल्या बाया तिला ऐकवायच्या, “ले, तेरे फौजी की ज़बान!” शेवटी ती मुलीकडे, जयपूरजवळच्या चौमूंला निघून गेली.

मागच्या हिवाळ्यात मी बसने चौमूंला गेलो. मूळ कागद खिशात होता. बाजारात मुलगी इस्त्री करत होती आणि ही शेजारी बसून डाव्या हाताने कपड्यांवर पाणी शिंपडत होती. मला बघून उठली.

“आओ फौजी साब. पैदल आए?”

टोमणा होता की चौकशी, मला कळलं नाही. तिने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. मग म्हणाली, “भाभीजी को अब नींद आती है ना? चलो, किसी को तो आराम मिला.”

मी म्हणालो, “आती है.”

कागद खिशातच राहिला. चहा संपवून मी उठलो. बस सुटल्यावर माफीचं वाक्य नीट जुळलं. तेव्हापासून ते तोंडात आहे, आणि आज लिहितोय तेही तिला वाचता न येणाऱ्या मराठीत. म्हणून निदान ते वाक्य तरी तिच्या भाषेत:

बहनजी, मैंने आपको गिना था, और मैंने ही आपको छोड़ दिया. माफ़ कर दीजिए.